मामीच्या खानावळीतली खरवड

जयसिंगची अट एकच होती आणि ती त्याने पोरीला तोंडावर सांगितली होती. "मी त्यांच्याकडं जेवायला जाईन. ते कसं वाढतात ते बघेन. मग हो का नाही ते सांगेन. तोवर मला कुणी काही विचारायचं नाही."

आम्रपालीने कपाळावर हात मारून घेतला. चाकणच्या एका कंपनीत ती क्वालिटीला होती. दिवसाला शेकडो पार्ट ती पास-नापास करायची आणि आता तिचं लग्न एका ताटावर पास-नापास होणार होतं.

"पप्पा, मुलगा बघा ना. ताट काय बघताय?"

"तुझी आजी म्हणायची, माणूस बोलण्यात लपतं, वाढण्यात लपत न्हाई."

आजीचं, म्हणजे जाईबाईचं, नाव निघालं की त्या घरात वाद संपायचा. जाईबाईला जाऊन अकरा वर्षं झाली तरी घरातला शेवटचा शब्द अजून तिचाच होता.

मुलगा म्हणजे निघोज्याचा माऊली. आम्रपालीच्याच कंपनीत मेंटेनन्सला. त्याचा बाप बबनराव घरचा शेतकरी, पण ऐन तरुणपणी बोटीवर आचारी म्हणून गेला आणि तिकडून, डोमिनिकन रिपब्लिक नावाच्या देशातून, बायको घेऊन आला. तीस वर्षं झाली, ती निघोज्यातच राहत होती. घराच्या खालच्या मजल्यावर नवरा-बायको मिळून तिच्या देशाच्या जेवणाचं एक छोटं हॉटेल चालवत होते. जयसिंगला परदेशी बाईची अडचण नव्हती. तिचा देश लांब, तिथली माणसं त्याचं काय बिघडवणार? त्याची अडचण निघोज्याची होती. जय भीम म्हणणाऱ्या घरातली पोर गावच्या जुन्या घरात सून म्हणून जाणार, तिथे तिला कोण कसं वाढणार, हा त्याचा प्रश्न होता. तो कुणाला विचारून उत्तर मिळण्यातला नव्हता, कारण विचारलं की सगळेच गोड बोलतात.

तर गुरुवारी, माऊलीच्या सुट्टीच्या दिवशी, जेवण ठरलं. आम्रपालीची पहिली पाळी होती, ती जेवणापुरती लवकर सुटून कंपनीतून परस्पर येणार होती. जयसिंग पिंपरीहून एकटाच निघाला. आयुष्यभर टर्नरचं काम केलेला माणूस, वेळेचा पक्का. त्यात साखरेचा आजार. एक वाजता पोटात घास पडला नाही की त्याचं डोकं फिरायचं आणि मग समोर कोण आहे हे तो बघायचा नाही.

पण नाशिक रस्त्याला वेळ कळत असती तर काय पाहिजे होतं! मोशीच्या पुढे बस जी अडकली ती अडकलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला कांद्याचे ट्रक. फाट्यावर उतरेपर्यंत पाऊण वाजला. तिथून शेअर रिक्षा. रिक्षावाल्याला त्याने पोरीने पाठवलेला पत्ता वाचून दाखवला, "डोमिनिकन रेस्टॉरंट, निघोजे." रिक्षावाला "माहितीय की" म्हणाला आणि त्याने जयसिंगला नेऊन एका पिझ्झाच्या दुकानासमोर सोडलं.

"हे काय?"

"तुमीच म्हनला ना डोमि काय ते. हेच ते. काका, पार्टी दिसतीय आज!"

जयसिंगने त्याला दोन शब्द ऐकवले आणि उन्हात चालू लागला. एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन बसला होता, त्याला विचारलं. वॉचमन लातूरकडचा, मोठा अदबशीर. त्याने डोकं खाजवलं. "डोमिनिकन... जर्मन कंपनीये का जपानी? कुठल्या का असंना, सिक्युरिटीची भरती बंद आहे बघा सध्या. तुमचं वय पण जरा..."

"अरे, हॉटेल आहे ते! जेवायचं!"

"कँटीन व्हय? कँटीनला आधी गेट पास लागतोय."

जयसिंगने आम्रपालीला फोन लावला. मागे मशिनचा खडखडाट. "पप्पा, इथं लाइन थांबलीय, एक लॉट रिजेक्ट झालाय, मला निघता येईना. पोचलात ना तुम्ही? दहाच मिनिटं." फोन बंद. दहा मिनिटं म्हणजे किती, हे कंपनीत जन्म घालवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

शेवटी रस्त्याकडेला भाजी घेऊन बसलेल्या एका बाईला त्याने डोमिनिकन हॉटेल, परदेशी बाई, असं सगळं सांगितलं तेव्हा तिने त्याचा पत्ता सोडवला. "काळी मामी? कुरळ्या केसांची? मग असं म्हना ना, मामीची खानावळ! अख्खी एमआयडीसी जेवती तिथं. डोमी-बिमी काय बी सांगतंय माणूस." आणि तिने बोट केलं ते घर जिथे तो मघापासून दोनदा वळला होता त्याच कोपऱ्यावर होतं. पाटी होती, पण पाटीसमोर कंपनीची बस उभी होती.

दोन वाजायला आले होते. जयसिंगच्या अंगाला घाम सुटला होता.

खाली चार टेबलं, वर कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या. दारातच बबनराव उभा. अठ्ठावन्नचा असेल, गोल पोट, पांढरी मिशी. जयसिंगला बघताच पुढे आला आणि "जय भीम, जय भीम!" असं दोनदा म्हणाला. एकदा पुरलं असतं. दुसऱ्यांदा म्हटलेला जय भीम जयसिंगच्या कानाला खटकला. मशिनवर एखादा पार्ट फार सहज बसला की तो हमखास पुन्हा मोजायचा, तसंच हे.

"माऊली तुमाला घ्यायला फाट्यावर गेलाय की! चुकामूक झाली वाटतं. बसा, बसा, पाव्हणं. पानी घ्या."

पाणी आलं. तेवढ्यात आतून ती बाई आली. भरदार अंगाची, जयसिंगच्या स्वतःच्या बहिणींपेक्षा दोन छटा सावळी, डोक्याला रंगीत फडकं. तिचं खरं नाव आल्ताग्रासिया. सासूला, गवराबाईला, ते जन्मात म्हणता आलं नाही, म्हणून गवराबाईने तिची अलका केली होती. जयसिंगने मनात चार इंग्रजी वाक्यं जुळवून ठेवली होती. ती वाया गेली.

"बसा की वो निवांत," ती म्हणाली. "लई उशीर झाला तुमाला. ऊन काय कमी हाय का! आत्ता भात हुतोय, मंग वाढते."

अगदी गवराबाईच्या तोंडची भाषा, फक्त 'र' जरा गोल फिरवलेला. जयसिंग बघतच राहिला. गाडीचा आवाज आला आणि माऊली धापा टाकत आत शिरला. उंच, आईचे केस, बापाचं नाक. "काका, सॉरी, मी फाट्यावर तासभर उभा होतो!" आणि मग आत ओरडला, "मामी, झालं का?"

आता हे काय नवीन? जयसिंगने कान टवकारले. पोरगा आईला मामी म्हणतोय. मग आई कोण? आम्रपालीने काही लपवलं की काय? त्याने सरळ विचारलं, "ह्या तुझ्या मामी का?"

"नाही, आई आहे. त्यांच्याकडे आईला मामी म्हणतात. मी लहानपणापासून म्हणतो, मग कामगारपण म्हणायला लागले."

जयसिंगने मान हलवली, पण चिडचिड वाढली ती वाढलीच. भूक लागलेल्या माणसाला असल्या गमती पचत नसतात.

आणि जेवण काही येईना. सव्वादोन झाले. तळलेल्या कच्च्या केळ्याच्या चकत्या आल्या, ठेचून परत तळलेल्या, त्या त्याने दोन खाल्ल्या. मीठ ठीक, तिखटाचा पत्ता नाही. शेजारच्या टेबलावर दोन कामगार घरून आणलेला ठेचा लावून तेच हादडत होते, भात-रश्शाची ताटं चाटूनपुसून उठलेसुद्धा. त्यांना वाढून झालं, मग ह्याला का नाही?

"भात झालेला दिसतोय," जयसिंग म्हणाला.

"तुमच्यासाठी येगळा लावलाय तिनं," बबनराव म्हणाला आणि नजर चुकवली.

वेगळा. जयसिंगने तो शब्द ऐकला आणि ग्लास खाली ठेवला. वेगळा भात, वेगळं भांडं. असं वेगळंपण त्याच्या आधीच्या सात पिढ्यांनी बघितलं होतं.

मग वास आला. भात लागल्याचा वास. आधी बारीक, मग चांगला नाकात भरणारा.

"करपतोय भात तुमचा," जयसिंग म्हणाला.

बबनराव ताडकन उठला आणि आत गेला. आत कुजबुज सुरू झाली, मग कुजबुजीचं भांडण झालं. अर्धं मराठीत, अर्धं तिच्या भाषेत. मराठीतलं जेवढं बाहेर आलं तेवढं जयसिंगने ऐकलं. बबनरावचा आवाज: "त्यांना नको ते. ऐक माझं. त्यांना न्हाई चालायचं." आणि तिचा: "का न्हाई? सांग, का न्हाई?"

माऊली खाली मान घालून टेबलाचा कोपरा नखाने खरडत होता. जयसिंगला वाटलं, उठावं आणि निघून जावं. पण पोरीला न भेटता गेलो तर ती आयुष्यभर म्हणेल, पप्पा जेवलेच नाहीत, त्यांनी बघितलंच नाही. म्हणून तो दात-ओठ खात बसून राहिला.

पावणेतीनला आम्रपाली आली. कंपनीचा शर्ट, गळ्यात आयडी, केसांत धूळ. बापाचा चेहरा बघूनच तिला कळलं की इथेही लाइन थांबलेली आहे. "पप्पा, गोळी घेतली ना?" एवढंच तिने हळू विचारलं. त्याने नुसतं घड्याळाकडे बोट केलं.

आणि मग वाढलं.

बबनरावच्या ताटात पांढराशुभ्र, मोकळा भात, वर राजम्याचा लालभडक रस्सा, बाजूला कोंबडी. आम्रपालीच्या ताटात तसाच. माऊलीच्या ताटात तसाच. आणि जयसिंगसमोर बाईने स्वतःच्या हाताने एक वेगळी थाळी आणून ठेवली. तिच्यात भाताच्या तळाचा, भांड्याला लागून कडक झालेला, तपकिरी पापुद्रा. झाऱ्याने खरवडून काढलेले मोठाले तुकडे. त्यावर रस्सा.

"कोंकोन!" ती म्हणाली. कमरेवर हात ठेवून, हसत. "समदं तुमाला!"

जयसिंगला वाटलं ती कोकण म्हणाली. कोकणाचा इथे काय संबंध, हा विचार त्याच्या मनात क्षणभर आला आणि गेला. कारण थाळीतलं काय आहे ते त्याने ओळखलं होतं. ही खरवड होती.

तो नऊ वर्षांचा होईपर्यंत खरवड ही त्याला जगातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटायची. गावी असताना जाईबाई दुसऱ्यांच्या घरची कामं करून यायची, तेव्हा पदरात कधीकधी हे असायचं. तो आणि त्याच्या बहिणी त्यावर तुटून पडायचे. कडक, खमंग, दाताखाली कुरकुर वाजणारी. मग एकदा तो आईच्या मागे मागे गेला. त्या घराच्या मागच्या दाराशी आई उभी होती. आतली बाई आली, भांडं तिरकं केलं आणि उलथन्याने तळ खरवडून वरूनच, हाताला हात लागणार नाही अशा बेताने, तिच्या पसरलेल्या पदरात टाकलं. दोन तुकडे खाली शेणात पडले. आईने ते उचलले, पुसले, आणि वळली तर समोर हा. त्या दिवसानंतर त्याने खरवडीला हात लावला नाही. त्याच्या घरात भात लागला तर बायको निमूट पाणी घालून भांडं भिजत टाकायची.

आणि आज, चौपन्न वर्षांनी, पोरीच्या होणाऱ्या सासरी, सगळ्यांना मऊ भात आणि ह्याला खरवड. वर माऊली टक लावून त्याच्याच ताटाकडे बघत होता. बघतोय कसा खातो ते!

जयसिंगने ताट पुढे सारलं आणि उभा राहिला.

"चल, आम्रपाली. वाढलेलं बघितलं मी."

"पप्पा!"

"बघितलं म्हणतोय ना! आजीचं खरं निघालं. चल."

आम्रपालीचा संयम सकाळपासून ताणलेला होता, तो इथे तुटला. "काय बघितलं? करपलेला भात बघितला? सात तास उभी आहे मी, एक लॉट गेला, साहेबाच्या शिव्या खाल्ल्या, पळत आले, आणि तुम्ही भातावरून उठताय? मला कळेल असं बोला ना एकदा तरी! नेहमी आजीचं वाक्य तोंडावर मारता आणि गप्प बसता!"

जयसिंगने खुर्ची मागे सारली. मागच्या दाराची गोष्ट त्याने पोरीला कधी सांगितली नव्हती. तिला इंजिनियर केलं ते ती गोष्ट सांगावी लागू नये म्हणूनच.

बाई मध्ये आली. तिचं हसू गेलं होतं. "काय चुकलं माझं?" तिने जयसिंगला विचारलं. त्याने तोंड फिरवलं. तिने माऊलीला विचारलं, त्याने खांदे उडवले, त्याला खरंच माहीत नव्हतं. मग ती नवऱ्याकडे वळली. "तुला ठाव हाय. तू आत नको नको करत हुतास. सांग."

बबनराव ताटातला भात बोटाने सारखा करत राहिला.

"अगं, ते... त्यांचं दात..."

"माझे दात?" जयसिंगचा आवाज एवढा चढला की वरच्या खोलीतलं कुणीतरी जिन्यात येऊन उभं राहिलं. "बबनराव, माझे दात ठणठणीत आहेत! बाईंना सांगा ना खरवड काय असते ती! तुमच्या घरात कुणाला देत होते सांगा! नाही सांगता येत? मग मी सांगतो."

आणि त्याने सांगितलं. परक्या देशाच्या बाईला समजेल अशा साध्या मराठीत, लहान लहान वाक्यांत. मागचं दार. तिरकं भांडं. आईचा पदर. शेणातले दोन तुकडे. सांगताना तो बाईकडे बघत होता, पोरीकडे बघायचं टाळत होता. इतक्या वर्षांत न सांगितलेलं असं एका परक्या खानावळीत, रिकाम्या पोटी, उभ्याने सांगावं लागतंय ह्याचा त्याला भयंकर राग येत होता.

आम्रपाली खाली बसली. तिचे डोळे भरले होते आणि चिडही गेली नव्हती, दोन्ही एकदमच.

बाईने त्याने सारलेलं ताट सरळ केलं. मग म्हणाली, "माझ्या घरात आमी सात भावंडं. भांडं एकच. कोंकोन थोडंच निघतं. ते पापाला. पापा न्हाई तर पाव्हण्याला. आमी पोरं दारात उभी ऱ्हायचो, पापा एक तुकडा देतोय का बघत. तुमी आज पापा हाय. तुमी पोरगी देणार. म्हनून येगळा भात लावला, बारीक आचेवर, पाऊण तास. तळ चांगला धरावा म्हनून." ती थांबली. "मला वाटलं तुमाला वासानं कळल."

"काका," माऊली घुटमळत म्हणाला, "मला आज तिने एक तुकडापण दिला नाही. मघापासून मी तेच बघतोय. तुम्ही खाणार नसाल तर..."

त्याचा हात निघालासुद्धा होता. जयसिंगच्या ताटाच्या अगदी जवळ तो थांबला. जयसिंग त्या हाताकडे बघत राहिला. बघतोय कसा खातो ते, असं त्याला वाटलं होतं. पोरगं बिचारं हावरटासारखं खरवडीवर डोळा ठेवून होतं!

पण बाईचं अजून संपलं नव्हतं. ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तीस वर्सं," ती म्हणाली. "तीस वर्सं मी तुला पहिला तुकडा देते. तू म्हनतोस दात दुखतोय. तीस वर्सं! मी म्हनते, बिचाऱ्याचं दात. दाताच्या डाक्टरकडं दोनदा नेला मी तुला! डाक्टर म्हनतो दात चांगलं हाय. मी म्हनते, डाक्टर येडा हाय."

जिन्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं. बबनराव लाल झाला.

"आमच्यात... पहिल्यापासनं..." तो चाचरत म्हणाला. "आय म्हनायची, खरवड घरच्यांनी खायची न्हाई. ती... बाहेरच्यांची. तुला काय सांगणार हुतो मी? तुला वाईट वाटलं असतं."

"मला?" ती म्हणाली. पुढचं तिने तिच्या भाषेत म्हटलं, आणि ते कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही.

जयसिंग परत खुर्चीत बसला. भूक हे एक कारण. दुसरं कारण असं की त्याला आता काहीतरी बघायचं होतं. ताटातल्या एका तुकड्याचा त्याने घास मोडला आणि तोंडात टाकला. कुरकुर वाजली. खमंग, कडेला किंचित कडू, तेल-मीठ मुरलेली. चव तीच होती. त्याने डोळे मिटले, आणि त्याला स्वतःचाच संताप आला. एवढी चांगली गोष्ट त्या एका दारापायी त्याने चौपन्न वर्षं पाण्यात भिजत टाकली होती.

मग त्याने ताट माऊलीकडे सरकवलं. पोराने एका क्षणाचाही विचार न करता, जयसिंगने मोडलेल्या तुकड्याचाच उरलेला अर्धा उचलला आणि कुडुमकुडुम चावायला लागला. आम्रपालीने डोळे पुसत त्याच्या हातातून त्यातला निम्मा ओढून घेतला. दोघांची तिथल्या तिथे बारीक झटापटसुद्धा झाली.

जयसिंगने ताट आणखी पुढे सरकवलं. बबनरावसमोर.

"घ्या," तो म्हणाला.

बबनरावने ताटाकडे बघितलं. उष्टं ताट, आणि त्यात खरवड. त्याचा हात टेबलावरून उचलला गेला, पुढे आला, आणि मधेच वळून पाण्याच्या ग्लासाला लागला. तो पाणी प्यायला. सगळेच बघत होते. अर्धं जग फिरलेला माणूस, पण हात अजून गवराबाईच्या चुलीपाशीच होता.

"घेतो," बबनराव कसाबसा म्हणाला. "घेतो की. जरा... थोड्या येळानं."

बाई वळून आत गेली आणि आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

जयसिंगने ताट परत आपल्यापुढे ओढलं. आता त्याला घाई नव्हती. त्याने रश्शात बुडवून बुडवून, बोटं चाटत, खरवडीचा शेवटचा तुकडा संपेपर्यंत खाल्लं. बाई दारात येऊन उभी राहिली होती, तिला त्याने रिकामं ताट दाखवलं. "बाई, बरोबर वाढलंत तुम्ही," तो म्हणाला. "माझ्या आईने बघायला पाहिजे होतं."

हात धुऊन आल्यावर आम्रपालीने त्याला गाठलं. आवाज दाबून, पण दम देतच. "पप्पा. हो का नाही? आत्ता सांगा. मला उद्या परत सकाळची पाळी आहे, मी रात्रभर विचार करत बसणार नाही."

"पोरगा पास," जयसिंग म्हणाला. "त्याची आई तर पहिल्या नंबरात पास."

"आणि?"

त्याने दाराकडे मान केली. बबनराव दारापर्यंत सोडायला आला होता. चेहरा उतरलेला होता. "जयसिंगराव, राग मानू नका. माझ्या मनात तसलं काय न्हाई. खरंच न्हाई."

"मनाचं मला कळत नाही," जयसिंग म्हणाला. "मला हाताचं कळतं. लग्न होईल, पोरांनी ठरवलंय आणि ती बरोबर आहेत. पण व्याही म्हणून आपलं जेवण अजून व्हायचंय. या रविवारी आमच्याकडं पिंपरीला या, सगळे या. भात बारीक आचेवर लावायला सांगतो, तळ चांगला धरेपर्यंत. पहिला तुकडा मी माझ्या हाताने तुमच्या ताटात वाढणार."

बबनरावने मान डोलावली.

जयसिंग पायरी उतरला, चप्पल घातली आणि वळून म्हणाला, "आणि बबनराव, येताना तेवढे दात घेऊन या."